मॅप एडिटर आणि मॉडचे प्रकार : ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या आधारे एक आढावा

स्ट्रॅटेजी गेममधला मॉड म्हणजे मूळ खेळाच्या सामग्रीत खेळाडूंनी केलेला बदल. तो झाडे बुटकी करण्याइतका किरकोळ असू शकतो किंवा मूळ खेळ ओळखूच येऊ नये इतका मोठाही. या दोन टोकांमध्ये बरेच प्रकार आहेत आणि त्यांची नावे खेळागणिक बदलतात. तरी बहुतेक मॉड एका प्रश्नाने नीट लावता येतात : हा बदल खेळाच्या कोणत्या थराला हात लावतो? नकाशाला, पडद्यावरच्या चित्राला, हिशेबातल्या आकड्यांना की संगणकाच्या डावपेचांना? मॉड कोणाकोणाकडे असायला हवा, दुसऱ्या मॉडशी त्याचे जमेल का, पुढच्या अपडेटनंतर तो चालेल का, हे सारे या एका उत्तरावर ठरते.

या वर्गीकरणासाठी ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा खेळ फार सोयीचा आहे. एन्सेम्बल स्टुडिओजने तो १९९९ मध्ये आणला तेव्हापासून त्याच्यासोबत मॅप एडिटर, म्हणजे नकाशे बनवण्याचे साधन आहे. २००० मध्ये ‘द कॉन्करर्स’ ही पुरवणी आली, २०१३ मध्ये एचडी आवृत्ती आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘डेफिनिटिव्ह एडिशन’. इतकी वर्षे एकाच खेळावर मॉडकारांचे काम चालू राहिल्यामुळे जवळजवळ प्रत्येक प्रकारचा मॉड इथे सापडतो आणि प्रकारांमधल्या सीमारेषाही स्पष्ट दिसतात.

सीमारेषा कुठून आली

प्रकारांचा पाया खेळाच्या रचनेत आहे. १९९७ च्या पहिल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ची बांधणी झाली तेव्हा घरगुती इंटरनेट २८.८ किलोबिट वेगाच्या मोडेमवर चालत असे. आठ खेळाडूंच्या शेकडो सैनिकांची प्रत्येक हालचाल एवढ्या अरुंद वाटेने पाठवणे शक्य नव्हते. म्हणून वेगळा मार्ग काढला गेला. प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर संपूर्ण खेळ स्वतंत्रपणे चालतो आणि जाळ्यावरून फक्त आज्ञा जातात : अमक्या सैनिकाने तमक्या जागी जावे, या इमारतीत एक गावकरी तयार व्हावा. आज्ञा सर्वांकडे एकाच क्रमाने पोहोचतात, ठरलेल्या क्षणी अमलात येतात आणि सगळे संगणक तोच हिशेब करून त्याच निकालाला येतात. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मधला ऑनलाइन सामनाही याच तत्त्वावर चालतो.

या पद्धतीत सर्वांचे आकडे तंतोतंत जुळावे लागतात. एकाच्या संगणकावर तिरंदाजाचा मारा ४ असेल आणि दुसऱ्याच्या संगणकावर ५, तर एकीकडे मेलेला सैनिक दुसरीकडे जिवंत राहतो आणि थोड्याच वेळात दोन्हीकडे दोन वेगळे खेळ सुरू होतात. संगणक मधूनमधून आपापल्या स्थितीचा ताळा करतात. तो चुकला की सामना तिथेच तुटतो. याला खेळाडू ‘आउट ऑफ सिंक’ म्हणतात.

सीमारेषा इथेच पडते. बुद्धिबळात एकाच्या सोंगट्या लाकडी आणि दुसऱ्याच्या हस्तिदंती असल्या तरी डाव तोच राहतो, पण घोडा कसा चालतो यावर मात्र दोघांचे एकमत लागते. जो मॉड फक्त दिसणे बदलतो तो ज्याचा त्याच्यापुरता. जो मॉड हिशेब बदलतो तो सर्वांकडे असावाच लागतो.

नकाशा आणि सिनॅरिओ

मॅप एडिटरमधून थेट तयार होते ती सिनॅरिओची, म्हणजे आधीच मांडून ठेवलेल्या डावाची फाइल. नकाशाचा आकार आधी ठरतो. दोन खेळाडूंचा सर्वांत लहान नकाशा १२० बाय १२० चौकटींचा असतो, आठ खेळाडूंच्या नेहमीच्या सामन्यांचा २२० बाय २२० चा, आणि ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये ४८० बाय ४८० पर्यंत जाता येते. त्यावर जमिनीचा पोत रंगवायचा, चढ-उतार आणि कडे उभारायचे, पाणी व झाडी पसरायची आणि शेवटी इमारती व माणसे मांडायची. खेळाडूंचे संघ, सुरुवातीची साधनसामग्री, कोणती तंत्रे बंद ठेवायची, विजयाची अट काय, हेही याच फाइलीत जाते.

नकाशा केवळ देखावा नसतो. उंचवट्यावरून खाली मारा करणाऱ्या सैनिकाचे घाव पंचवीस टक्क्यांनी जड होतात आणि खालून वर लढणाऱ्याचे तेवढ्याच प्रमाणात हलके पडतात. म्हणजे एडिटरमध्ये टेकडी काढणारा माणूस लढाईच्या हिशेबातही हात घालत असतो, पण खेळाचे नियम जसेच्या तसे ठेवून. प्रत्येक झाडात १०० लाकूड असते. झाडी दाट केली की लाकूडतोड्यांची सोय होते, शत्रूची वाट अडते आणि भिंतींचा खर्चही वाचतो.

सिनॅरिओ खेळाच्या मूळ फाइलींना धक्का लावत नाही. तो वेगळ्या फाइलीत राहतो आणि होस्टने सामना मांडला की ती फाइल बाकीच्यांकडे पोहोचते. नवशिक्या मॉडकारासाठी हा सर्वांत निर्धोक प्रकार, कारण काही बिघडले तर एक फाइल पुसली की झाले.

ट्रिगर

सिनॅरिओत जीव येतो तो ट्रिगरमुळे. ट्रिगर म्हणजे ‘असे झाले तर तसे करा’ एवढाच नियम. त्याला दोन बाजू असतात, अट आणि परिणाम. अटींमध्ये ठरावीक वेळ उलटणे, एखादी वस्तू ठरावीक जागी पोहोचणे, एखादी इमारत पडणे, विशिष्ट प्रमाणात सोने जमणे असे प्रकार येतात. परिणामांमध्ये नवी माणसे निर्माण करणे, संदेश दाखवणे, मालकी बदलणे, दरवाजा उघडणे, विजय जाहीर करणे वगैरे.

वेढ्याचा एक साधा प्रसंग घेऊ. खेळाडूचा हेर गडाच्या मागच्या विहिरीपाशी पोहोचला की चोरदरवाजा उघडावा, पण गडावर गजर होऊन पहारेकरी धावून यावेत. पहिल्या ट्रिगरची अट : हेर विहिरीभोवतीच्या चार चौकटींत येणे. परिणाम तीन : दरवाजाचे कुलूप निघणे, पडद्यावर सूचना झळकणे आणि दुसरा ट्रिगर चालू होणे. हा दुसरा ट्रिगर आधी बंद ठेवलेला असतो. तो चालू झाला की दहा सेकंद थांबतो, मग बुरुजाशी वीस भालेकरी निर्माण करतो आणि त्यांना विहिरीकडे धाडतो. त्याच्यावर ‘पुन्हापुन्हा’ ही खूण केली, तर दर दहा सेकंदांनी वीस भालेकरी येत राहतील आणि खेळाडूचा निभाव लागणार नाही. नवख्यांच्या सिनॅरिओत बहुधा हीच खूण चुकून चालू राहिलेली असते.

एवढ्या साधनांवर मॉडकारांनी मोठी कामे केली आहेत. ‘कॅसल ब्लड ऑटोमॅटिक’ या लोकप्रिय सिनॅरिओत अर्थव्यवस्था काढून टाकली आहे. किल्ल्यांतून सैनिक आपोआप बाहेर पडतात आणि खेळाडू फक्त लढतो. जुन्या एडिटरमध्ये एखाद्या नायकाची ताकद वाढवण्याची थेट सोय नव्हती. तेव्हा ‘इजा करा’ या परिणामात उणे आकडा घालून आयुष्य वाढवण्याची युक्ती सर्रास वापरली जाई. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये ट्रिगरमधूनच सैनिकाचे गुणधर्म बदलता येतात, चलराशी वापरता येतात आणि स्क्रिप्टही जोडता येते. त्यामुळे पूर्वी ज्या बदलांसाठी वेगळा डेटा मॉड लागे, त्यांतले बरेच आता सिनॅरिओच्या पोटात बसतात.

यादृच्छिक नकाशाची स्क्रिप्ट

सिनॅरिओत प्रत्येक झाडाची जागा ठरलेली असते. यादृच्छिक नकाशात फक्त झाडे कशी लावायची याचा नियम ठरलेला असतो. हा नियम साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितात, एडिटरमध्ये रंगवत नाहीत. फाइलीचे विभाग कामाच्या ओघाने येतात : खेळाडूंची मांडणी, जमीन, चढ-उतार, कडे, भूपृष्ठ, खेळाडूंना जोडणाऱ्या वाटा आणि शेवटी वस्तू. आधी जमीन तयार होते, मग तिच्यावर जंगल पसरते, मग उरलेल्या मोकळ्या जागेत सोने, दगड आणि जनावरे मांडली जातात. जंगलाचे प्रमाण फार वाढवले तर सोन्याला जागाच उरत नाही, आणि ही चूक नकाशा तयार होईपर्यंत दिसत नाही.

‘अरेबिया’ या सर्वांत जास्त खेळल्या जाणाऱ्या नकाशावर प्रत्येक खेळाडूला आठ मेंढ्या आणि दोन रानडुकरे मिळतात. मेंढ्यांपैकी चार गावाजवळ असतात आणि बाकीच्या जोडीजोडीने थोड्या लांब. ठिकाण दरवेळी बदलते, पण प्रमाण आणि अंतराची मर्यादा बदलत नाही. खेळाडूला नव्या जागी शोध घ्यावा लागतो आणि तरीही कोणावर अन्याय होत नाही, हे या प्रकाराचे खरे कसब. स्पर्धांसाठी नकाशे लिहिणारे मॉडकार आपला बहुतेक वेळ हा समतोल साधण्यातच घालवतात.

एडिटरशी या प्रकाराचे नाते उलट्या बाजूने आहे. एडिटरमध्ये स्क्रिप्ट निवडून तिच्यावरून एक नकाशा तयार करून घेता येतो आणि मग तो हाताने सुधारता येतो. मोठा सिनॅरिओ कोऱ्या मैदानापासून रंगवण्यापेक्षा ही पद्धत पुष्कळ वेळ वाचवते.

दृश्य, ध्वनी आणि मजकूर

दृश्य मॉड चित्रांच्या फाइली बदलतात. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मधले सैनिक आणि इमारती द्विमितीय चित्रांच्या मालिका आहेत, त्यामुळे एका चित्रमालिकेच्या जागी दुसरी ठेवली की काम होते. सर्वांत जास्त वापरात असलेल्या मॉडपैकी बुटक्या झाडांचा मॉड आणि जमिनीवर चौकटींच्या रेषा दाखवणारा मॉड हे दोन आहेत. पहिल्यामुळे झाडांमागे दडलेली माणसे दिसतात आणि दुसऱ्यामुळे भिंत किंवा शेत नेमके कुठे बसेल हे कळते. झाड बुटके दिसले तरी त्याने अडवलेली जागा आणि त्यातले १०० लाकूड तेवढेच राहते. म्हणून असा मॉड एकानेच लावला तरी सामना बिनबोभाट चालतो.

आवाज, पार्श्वसंगीत आणि नियंत्रणपट्टीचे रूप बदलणारे मॉडही याच वर्गात येतात. मजकुराचे मॉड तर आणखी हलके असतात. पडद्यावरचे प्रत्येक वाक्य एका क्रमांकाखाली साठवलेले असते आणि मॉडकार हव्या त्या क्रमांकांपुढे नवे शब्द लिहितो. बाकीची वाक्ये मूळचीच राहतात. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’च्या अधिकृत भाषांमध्ये हिंदी आहे, मराठी नाही. मराठीतून खेळायचे असेल तर मजकुराचा मॉड हाच मार्ग आहे आणि हिंदीमुळे देवनागरी अक्षरे खेळात आधीपासूनच आहेत.

सिनॅरिओ करणाऱ्याने मात्र दृश्य मॉडपासून जपून राहावे. बुटक्या झाडांत काम करणाऱ्याला जंगल विरळ वाटते आणि तो हात सैल सोडून झाडे लावत जातो. मूळ उंचीच्या झाडांत तोच नकाशा उघडला की वाटा, दगड, लपवलेली खूण, सगळे दिसेनासे होते. एडिटरमधले अखेरचे काम सगळे दृश्य मॉड बंद करून तपासणे हाच यावर उपाय.

डेटा मॉड

खेळाचे सगळे आकडे एका मोठ्या डेटा फाइलीत असतात : प्रत्येक सैनिकाची किंमत, आयुष्य, मारा, पल्ला, वेग, प्रत्येक तंत्राचा परिणाम, प्रत्येक संस्कृतीचे फायदे. ही फाइल मॅप एडिटरमध्ये उघडत नाही. तिच्यासाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड जीनी एडिटर’सारखे खेळाडूंनीच बनवलेले वेगळे साधन लागते.

डेटा मॉडचे काम कसे चालते हे तिरंदाजावरून दिसते. खेळाच्या लेखी तिरंदाज म्हणजे क्रमांक ४. त्याच्या नोंदीत किंमत २५ लाकूड व ४५ सोने, आयुष्य ३०, मारा ४ आणि पल्ला ४ असे आकडे आहेत. एडिटरमध्ये नकाशावर तिरंदाज ठेवला की सिनॅरिओच्या फाइलीत त्यातले काही जात नाही. ‘या जागी क्रमांक ४, मालक खेळाडू १’ एवढेच लिहिले जाते. आता एखाद्या डेटा मॉडने पल्ला ४ चा ८ केला तर सिनॅरिओच्या फाइलीत एक अक्षरही बदलत नाही, पण गडावर ठेवलेले तेच तिरंदाज दुप्पट अंतरावरून मारा करू लागतात आणि सगळा वेढा कोलमडतो. मॉडने नवा सैनिक जोडला असेल तर तो एडिटरच्या यादीत दिसतो आणि नकाशावर ठेवताही येतो, मात्र तो मॉड नसलेल्या संगणकावर त्या क्रमांकाला अर्थच उरत नाही.

हिशेब बदलत असल्यामुळे असा मॉड सामन्यातल्या सर्वांकडे लागतो. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये होस्ट लॉबीतच डेटा मॉड निवडतो आणि सामील होणाऱ्यांना तो उतरवून घ्यावा लागतो. शंभरपट वेगाने साधने गोळा होणारे गमतीचे मॉड आणि नव्या संस्कृतींचे गंभीर प्रयत्न हे दोन्ही याच वर्गातले.

संगणकाचे डावपेच

संगणक-खेळाडू कसा खेळेल हेही मजकुराच्या फाइलीत नियमांनी लिहिलेले असते. रचना ट्रिगरसारखीच, एका बाजूला अट आणि दुसऱ्या बाजूला कृती : अन्न ५० च्या वर असेल आणि गावकरी तयार करता येत असेल तर तयार कर. फरक असा की ट्रिगरला सगळा नकाशा खुला असतो आणि तो हवे तिथे सैन्य उभे करू शकतो. डावपेचांची स्क्रिप्ट खेळाडूच्या जागी बसते आणि खेळाडूला जे करता येते तेवढेच करते. सिनॅरिओत एकेका खेळाडूला वेगळी स्क्रिप्ट लावता येते. ट्रिगरने चालणाऱ्या शत्रूला सक्रिय स्क्रिप्ट लावली तर दोघेही त्याच सैन्याला परस्परविरोधी आज्ञा देतात. म्हणून अशा शत्रूला काहीच न करणारी स्क्रिप्ट लावण्याचा रिवाज आहे.

संपूर्ण रूपांतर

हे सगळे थर एकत्र बदलले की संपूर्ण रूपांतर होते. चित्रे, आकडे, मजकूर, डावपेच आणि मोहिमा, सर्व नवे. मूळ खेळ कायम ठेवूनही या वाटेने दूरवर गेलेले ठळक उदाहरण म्हणजे ‘फरगॉटन एम्पायर्स’. चाहत्यांनी बनवलेली ही पुरवणी २०१२ च्या अखेरीस आली आणि तिच्यात इटालियन, भारतीय, इंका, मॅग्यार व स्लाव्ह अशा पाच नव्या संस्कृती होत्या. पुढच्याच वर्षी तिच्यावर आधारलेली ‘द फरगॉटन’ ही अधिकृत पुरवणी बाजारात आली आणि त्या गटाने पुढेही खेळाचे काम चालू ठेवले. चाहत्यांच्या मॉडमधून आलेली ‘भारतीय’ ही संस्कृती अधिकृत खेळात नऊ वर्षे राहिली. २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’मध्ये तिचे नाव ‘हिंदुस्तानी’ झाले आणि तिच्याशेजारी बंगाली, द्रविड व गुर्जर या तीन संस्कृती उभ्या राहिल्या.

दुसरी रचना : नकाशातच मॉड

सर्व खेळांनी हे थर असे वेगळे ठेवलेले नाहीत. ब्लिझार्डच्या २००२ मधल्या ‘वॉरक्राफ्ट ३’च्या वर्ल्ड एडिटरमध्ये जमीन, ट्रिगर, सैनिकांचे आकडे, आवाज आणि बाहेरून आणलेल्या फाइली यांची दालने एकाच छपराखाली आहेत. सैनिकाचे आयुष्य बदलले तर तो बदल नकाशाच्या फाइलीतच साठतो. म्हणजे सिनॅरिओ आणि डेटा मॉड एकच होतात. होस्टकडून नकाशा उतरला की आकडेही सोबत येतात, त्यामुळे ताळा चुकण्याचा प्रश्न उरत नाही. ट्रिगर माऊसने जुळवता येतात किंवा जॅस या भाषेत थेट लिहिता येतात.

या मोकळिकीतून नवे खेळप्रकार जन्मले. ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’ ऊर्फ ‘डोटा’ हा ‘वॉरक्राफ्ट ३’चा नुसता नकाशा होता, आणि त्यामागे ‘स्टारक्राफ्ट’च्या एडिटरमध्ये बनलेल्या ‘इऑन ऑफ स्ट्राइफ’ची प्रेरणा होती. पुढे व्हॉल्व्हने २०१३ मध्ये ‘डोटा २’ हा स्वतंत्र खेळ आणला. त्याच्याही मॉडमधून २०१९ मध्ये ‘डोटा ऑटो चेस’ निघाला आणि आणखी एक प्रकार सुरू झाला.

२०१० च्या ‘स्टारक्राफ्ट २’ने दोन्ही रचनांचा मेळ घातला. त्याच्या एडिटरमध्ये नकाशा आणि मॉड वेगळ्या फाइली आहेत, पण नकाशा आपण कोणत्या मॉडवर विसंबून आहोत हे स्वतःच नोंदवतो. त्यामुळे एकच डेटा दहा नकाशांना पुरतो आणि तो दुरुस्त केला की दहाही नकाशे दुरुस्त होतात. याखेरीज कोणत्याही साध्या नकाशावर चढवता येणारे विस्तार-मॉडही तिथे आहेत.

जमणे, न जमणे आणि टिकणे

दोन मॉड एकत्र चालतील का, याचे उत्तर त्यांच्या फाइलींत असते. एक झाडांची चित्रे बदलतो आणि दुसरा आवाज, तर दोघे सुखाने नांदतात. दोघेही झाडांचीच चित्रे बदलत असतील तर यादीत ज्याचा अग्रक्रम वर, त्याची झाडे दिसतात. डेटा मॉडची अडचण मोठी, कारण आकड्यांची फाइल एकसंध आहे. एकाने तिरंदाज बदलला आणि दुसऱ्याने घोडेस्वार, तरी दोघांनी पूर्ण फाइलच बदललेली असते. वरचा मॉड खालच्याचे सगळे काम झाकून टाकतो. ते एकत्र हवे असतील तर दोन्ही बदल हाताने एका फाइलीत करावे लागतात.

अपडेटचा फटका किती बसेल हेही मॉडने कोणती फाइल बदलली यावरच ठरते. मूळ खेळात आकडे सुधारले गेले की जुना डेटा मॉड कालबाह्य होतो आणि मॉडकाराला आपले बदल नव्या फाइलीवर पुन्हा करावे लागतात. दृश्य मॉड वर्षानुवर्षे चालू शकतो. साधा सिनॅरिओ सर्वांत चिवट. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’च्या एडिटरमध्ये जुन्या आवृत्त्यांतले सिनॅरिओ उघडता येतात, फक्त जुन्या पळवाटांवर बेतलेले ट्रिगर तपासून घ्यावे लागतात.

मालकीचा प्रश्न मात्र तंत्राने सुटत नाही. ‘डोटा’ या नावावरून ब्लिझार्ड आणि व्हॉल्व्ह यांच्यात उभा राहिलेला वाद २०१२ मध्ये तडजोडीने मिटला. २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३ : रीफोर्ज्ड’सोबत ब्लिझार्डने नियम कडक केले आणि एडिटरमध्ये बनलेल्या नकाशांवर आपला हक्क स्पष्टपणे नोंदवला. आपल्या कल्पनेतून पुढे स्वतंत्र खेळ व्हावा अशी ज्याची इच्छा असेल, त्याने एडिटर उघडण्याआधी त्याच्या अटी वाचणे आवश्यक आहे.

प्रकाराची निवड

उद्देश स्पष्ट असला की प्रकार आपोआप ठरतो. गोष्ट सांगायची असेल तर सिनॅरिओ आणि ट्रिगर पुरेसे आहेत. वारंवार खेळता येईल असे न्याय्य मैदान हवे असेल तर यादृच्छिक नकाशाची स्क्रिप्ट. डोळ्यांना सोय हवी असेल तर दृश्य मॉड, आणि तो दुसऱ्या कोणावर लादावा लागत नाही. सैनिकांचे बळ बदलायचे असेल तर आधी ट्रिगरने भागते का ते पाहावे. बदल एका सिनॅरिओपुरता असेल तर बहुधा भागते. प्रत्येक सामन्यात लागू व्हावा असे वाटत असेल तरच डेटा मॉडचा आणि त्यासोबत येणाऱ्या देखभालीचा भार उचलावा. सिनॅरिओ डेटा मॉडवर अवलंबून असेल, तर त्या मॉडचे नाव व आवृत्ती सिनॅरिओच्या सुरुवातीच्या सूचनेतच लिहावी, म्हणजे फाइल उघडणाऱ्याला निर्मात्याने मांडलेला खेळ जसाच्या तसा मिळतो.